दर उन्हाळ्यात मजेंटाच का बसतो? सब्लिमेशन शाईच्या एका हट्टी तक्रारीचा माग

"भाऊ, तुमचा मजेंटा पुन्हा बसला. काहून असं होते, सांगा ना."

नागपूरच्या एका जर्सी छापणाऱ्या गिऱ्हाइकाचा हा फोन मला सलग तीन वर्षं आला आणि तिन्ही वेळा एप्रिलच्या मध्यात. आम्ही इचलकरंजीत सब्लिमेशनची शाई बनवतो, म्हणजे आधी कागदावर छापून मग उष्णतेने पॉलिएस्टर कापडावर उतरवायची शाई. कारखाना म्हणायला संकोच वाटतो. एक बीड मिल (बारीक मण्यांनी रंग दळणारं यंत्र), दोन टाक्या, एक फिल्टर पंप आणि चार माणसं. आमच्याकडून चार रंग जातात, सायन (निळा), मजेंटा (गडद गुलाबी), यलो आणि ब्लॅक; तक्रार मात्र एकाचीच. सकाळी नोझल चेक, म्हणजे छपाईच्या हेडच्या प्रत्येक बारीक छिद्रातून (नोझलमधून) शाई येते का हे दाखवणारा छाप, स्वच्छ. दुपारी बारानंतर मजेंटाच्या रेघा तुटायला लागतात. हेड क्लीनिंग केलं की तासभर बरं, संध्याकाळी पुन्हा तेच. जूनमध्ये पाऊस आला की दुखणं आपोआप थांबतं, आणि थांबलं की सगळेच ते विसरतात.

पहिली दोन वर्षं आम्ही जगरहाटीप्रमाणे वागलो. गिऱ्हाइकाने शाईला दोष दिला, हेडवाल्याने शाईलाच दिला, मी व्होल्टेजला दिला. बॅच बदलून दिली, दोन डँपर (हेडच्या आधी शाई गाळणारी जाळीची डबी) फुकट दिले, एकदा थोडी सूटही दिली. तिसऱ्या वर्षी मात्र रात्रीची गाडी पकडून नागपुरात जाऊन बसलो. तिथे जे दिसलं आणि परत येऊन जे सापडलं, ते इथे लिहितो. ज्यांच्याकडे अशी मोसमी तक्रार येते त्यांना कदाचित उपयोगी पडेल, मग ते शाई बनवणारे असोत की वापरणारे.

नोझल कधी जातं, हे आधी विचारा

तक्रार आली की आपण "किती नोझल गेले" हे विचारतो. त्यापेक्षा "कधी गेले" हा प्रश्न जास्त सांगून जातो.

सकाळी मशीन चालू करताना गेलेलं आणि दोन क्लीनिंगनंतर परत आलेलं नोझल म्हणजे तोंडाशी वाळलेली शाई. हेड झाकणारी कॅप नीट बसत नाही, ते पुसणारा वायपर झिजलाय, खोलीतली हवा कोरडी आहे किंवा शाईत ग्लिसरीन कमी पडतंय. याचा कणांशी संबंध नाही.

गडद सलग छपाई चालू असताना अर्ध्या तासाने गेलेलं आणि मशीन दहा मिनिटं थांबवल्यावर काही न करता परत आलेलं नोझल म्हणजे हवा. पिझो हेडच्या (विजेच्या झटक्याने शाई ढकलणाऱ्या हेडच्या) कोठडीत दर सेकंदाला हजारो वेळा दाब चढतो-उतरतो. शाईत विरघळलेली हवा त्या उतरत्या दाबात बुडबुडा होऊन बाहेर येते आणि बुडबुडा प्रत्येक झटका गिळून टाकतो. विसावा दिला की बुडबुडा पुन्हा विरघळतो. बाटली खळाखळा हलवून लगेच टाकीत ओतणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं. शाई बनवणाऱ्याने व्हॅक्यूममध्ये हवा काढली नसेल तर बाटली न हलवताही दिसतं.

तिसरा प्रकार वाईट. नोझल दिवसागणिक कमी होत जातात, क्लीनिंगचा गुण आधी दिवसभर टिकतो, मग दोन तास, मग वीस मिनिटं. याचा अर्थ हेडच्या आधी कुठेतरी वाट अरुंद होत चाललीये. बहुतेक वेळा डँपरची जाळी. नवा डँपर टाकल्यावर सगळं एकदम सुरळीत झालं तर शंका ठेवू नका, शाईत मोठे कण आहेत.

नागपुरात चित्र या तिसऱ्याचं होतं, पण पहिल्याचा भास होत होता. एप्रिलमध्ये तिथल्या दुपारच्या हवेत दमटपणा नावालाच. त्यामुळे सगळ्यांचं ठाम मत, "हवा कोरडी आहे, शाई वाळते." गिऱ्हाइकाने त्यावर उपाय म्हणून भला मोठा कूलर मशीनसमोर लावला होता. त्याचं थेट वारं हेडवर, वर वाळ्याच्या ताट्यांची धूळ. मी आधी तो कूलर बाजूला वळवला. पण मुळात, कोरड्या हवेला रंगांची आवडनिवड नसते. हवेमुळे शाई वाळत असती तर सायनही गेला असता, यलोही गेला असता. चार रंगांतला एकच जात असेल तर खोलीकडे बघणं सोडून बाटलीकडे बघायचं.

जुना डँपर फोडून पाहिला. जाळीवर गडद लाल, चोळल्यावर बोटांना कचकच लागणारी साय. सायनच्या डँपरची जाळी स्वच्छ होती.

ही शाई सरबत नव्हे, ताक आहे

पुढचं समजायला एवढं लक्षात हवं. सब्लिमेशनच्या शाईतला रंग पाण्यात विरघळलेला नसतो. डिस्पर्स डाय, म्हणजे पॉलिएस्टरसाठीचे रंग, पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतात, आणि २०० अंशांच्या आसपास त्यांची वाफ होऊन पॉलिएस्टरमध्ये शिरते. बाजारातल्या बहुतेक मजेंटात डिस्पर्स रेड ६०, यलोमध्ये डिस्पर्स यलो ५४, सायनमध्ये डिस्पर्स ब्लू ३५९ किंवा तशाच जातीचा निळा असतो. हे सगळे लहान रेणूंचे, सहज उडणारे डाय.

साखर विरघळते तसं हे नाही. ताकात लोण्या-दुधाचे कण तरंगतात तसे डायचे स्फटिक दळून दीडशे-दोनशे नॅनोमीटरचे करायचे आणि ते तरंगत ठेवायचे. नोझलचं तोंड साधारण २० मायक्रॉन, म्हणजे कणाच्या शंभर पट मोठं. एवढी जागा असताना चोक होण्याचं कारण काय, असं वाटेल. कण एकेकटा असेपर्यंत काहीच कारण नसतं.

बसण्याचा वेग काढून पाहा. डायची घनता शाईपेक्षा दर घनसेंटिमीटरला ०.३ ग्रॅमने जास्त आणि शाई ४ सेंटिपॉइजची, म्हणजे पाण्याच्या साधारण चौपट दाट, धरली, तर स्टोक्सच्या सूत्राने २०० नॅनोमीटरचा कण दिवसाला सुमारे ०.१४ मिलिमीटर खाली येतो. एवढ्याशा कणाला पाण्याचे रेणू सतत धक्के देत असतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो त्याहूनही जास्त काळ तरंगतो. तोच कण वाढून १ मायक्रॉनचा झाला की वेग २५ पट होतो, दिवसाला साडेतीन मिलिमीटर. महिन्यात दहा सेंटिमीटर, म्हणजे लिटरच्या बाटलीची निम्मी उंची. कणाचा आकार पाचपट, बसण्याचा वेग पंचवीसपट: स्थिर शाई बनवायची म्हणजे कण वाढू द्यायचा नाही, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

कण दोन रीतींनी वाढतात आणि त्या दोन्हींतला फरक ओळखता आला नाही तर उपाय चुकतो. एकात कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. दुसऱ्यात कण खरोखरच मोठा होतो, स्फटिक म्हणून वाढतो. तूप हळूहळू निवताना रवाळ होतं ना, तसा.

टेबलावरच्या चार चाचण्या

कणमापनाचं यंत्र आमच्याकडे नाही, लहान कारखान्याला परवडतही नाही. नमुने बाहेर पाठवतो, पण निदानासाठी तेवढी गरज लागत नाही.

पहिली चाचणी फिल्टरची. ०.८ मायक्रॉनचा कागद, व्हॅक्यूम पंप, १०० मिली शाई, मोबाइलमधलं घड्याळ. कपाटात ठेवलेला त्याच बॅचचा आमचा नमुना १ मिनिट ४० सेकंदात उतरला. नागपूरहून आणलेली बाटली ९ मिनिटं झाली तरी ६० मिलीवर अडकलेली. बॅच एक, डबे एका दिवशी भरलेले. म्हणजे शाई आमच्याकडून निघाली तेव्हा ठीक होती आणि वाटेत किंवा तिथे बिघडली. कोल्हापूर-सांगलीच्या गिऱ्हाइकांची तक्रार का नाही, याचंही उत्तर इथेच मिळालं. प्रत्येक बॅचचा अर्धा लिटर नमुना ठेवा असं मी कळकळीने सांगतो ते यासाठी. तो नमुना नसता तर मी आजही व्होल्टेजला दोष देत बसलो असतो.

दुसरी चाचणी सूक्ष्मदर्शकाची. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला, ४०० पटीचा पुरतो. चांगल्या शाईत काहीच दिसायला नको. कण प्रकाशाच्या पकडीपेक्षा लहान असतात, नुसता गुलाबी धुरकटपणा दिसतो. नागपूरच्या थेंबात सुया होत्या. लांब, टोकदार, स्वच्छ कडांच्या.

तिसरी हलवण्याची. शाई अल्ट्रासोनिक बाथमध्ये पाच मिनिटं ठेवा, पुन्हा फिल्टर करा. गठ्ठे असतील तर ते फुटतात आणि वेळ खाली येतो. स्फटिक असतील तर काही फरक पडत नाही. आमच्याकडे पडला नाही.

चौथी साधी, पण दिशाभूल करणारी: छापून कापडावर उतरवून पाहणं. रंग उत्तम आला! यात नवल नाही. कण २०० नॅनोमीटरचा असो की २ मायक्रॉनचा, हीट प्रेसखाली त्याची वाफ होणारच. कापडावरची छटा ठीक असल्यामुळे "शाईत दोष नाही" असा शेरा आम्हीच दोन वर्षं मारत होतो.

सुया कुठून आल्या

अविद्राव्य म्हटलं तरी डाय अगदी किंचित विरघळतोच. लहान कण मोठ्यापेक्षा थोडा जास्त विरघळतो, कारण त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो. मग लहान कणांतून सुटलेले रेणू मोठ्या कणांवर जाऊन बसतात. लहान संपत जातात, मोठे पोसत जातात. विल्हेल्म ऑस्टवाल्डने १८९६ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. भारनियमनाच्या दिवसांत फ्रिझरमधलं आइस्क्रीम दाताखाली बर्फाचे खडे देऊ लागायचं, ते याच न्यायाने.

आइस्क्रीमचं उदाहरण मुद्दाम दिलं. स्थिर थंडीत खडे फार हळू वाढतात, वीज जात-येत राहिली की भरभर वाढतात. नागपूरच्या गोदामाला वर पत्रा. कमाल-किमान थर्मामीटर मी खोक्यात ठेवला, दुपारी ५२ अंश, पहाटे २९. दिवसा जास्त डाय विरघळायचा, रात्री तो बाहेर यायचा आणि नवा कण न करता असलेल्या मोठ्या कणावरच बसायचा. रोज एक हप्ता. चाळीस दिवसांत सुई तयार.

पण मग फक्त मजेंटाच का? सायन-यलोही त्याच खोक्याशेजारी होते.

इथे मला माझीच वही उघडावी लागली. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकाने हलका कागद वापरायला सुरुवात केली होती. त्यावर मजेंटाचा भराव ठिपकेदार यायचा. शाई कागदात पटकन मुरावी म्हणून मी मजेंटात, फक्त मजेंटात, ६ टक्के ट्रायएथिलीन ग्लायकॉल मोनोब्यूटाइल ईथर घातलं होतं. ठिपके गेले, सगळे खूश. आणि त्यानंतरच्या एप्रिलपासून नागपूरचे फोन सुरू झाले. डिसेंबरात केलेल्या बदलाचा हिशेब एप्रिलमध्ये येतो तेव्हा दोन्हींची सांगड घालायचं कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नाही.

असले ग्लायकॉल ईथर शाईत दोन उद्योग करतात. पाण्याला डायसाठी जरा बरा द्रावक बनवतात, म्हणजे ऑस्टवाल्डच्या गाडीला उतार मिळतो. शिवाय डायच्या अंगावर बसलेला डिस्पर्संट (कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं द्रव्य) सैल करतात, म्हणजे कण उघडा पडतो. थंडीत दोन्ही परिणाम झाकलेले राहतात. उन्हात दिसतात.

नुसती शंका पुरत नाही म्हणून सहा बाटल्या लावल्या, प्रत्येकीत एकच बदल. जुन्या कृतीची एक, ईथरशिवाय एक, ईथर निम्मं एक, डिस्पर्संट दीडपट एक, ग्लिसरीन वाढवलेली एक, पीएच वर नेलेली एक. दिवसा ६० अंशांच्या ओव्हनमध्ये, रात्री बाहेर, असे दहा फेरे. आधी आम्ही तीन दिवस ५० अंशांवर सलग ठेवून पास करत होतो. त्या परीक्षेत ही शाई दरवर्षी पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हायची. नव्या परीक्षेत जुनी कृती चौथ्या फेऱ्यालाच फिल्टर अडवू लागली. निम्म्या ईथरची सातव्याला. डिस्पर्संट वाढवलेली नवव्यापर्यंत तगली, म्हणजे डिस्पर्संटने दुखणं लांबवलं, पण बरं केलं नाही. ईथर नसलेली दहाही फेऱ्यांनंतर २ मिनिटांच्या आत उतरली.

ईथर काढलं. हलक्या कागदावरच्या ठिपक्यांसाठी अॅसिटिलिनिक डायॉल जातीचं सर्फॅक्टंट ०.४ टक्के घातलं आणि पृष्ठताण ३२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास आणला. इथेही हात आखडता हवा. सर्फॅक्टंट जास्त झालं की तेही डाय पोटात घेऊन विरघळवतं. आणि पृष्ठताण २८ च्या खाली गेला की शाई नोझलच्या पाटीवर पसरते, थेंब तिरके जातात, मग तक्रारीचं नाव बदलतं एवढंच.

पुढच्या एप्रिलला पुन्हा फोन

हो. पण या वेळी गोष्ट वेगळी होती. तक्रार चारही रंगांची, आणि फक्त नागपूरची नव्हे, हुपरीच्या आणि सांगलीच्या गिऱ्हाइकाचीही. मी आधी कपाळाला हात लावला, मग फिल्टर काढला. शाई अडकली. सूक्ष्मदर्शकात सुया नाहीत, ढगासारखे मऊ पुंजके. अल्ट्रासोनिकमध्ये घातल्यावर पुंजके गेले, वेळ जवळजवळ पूर्ववत. म्हणजे या वेळी गठ्ठे. आणि कपाटातला आमचा नमुनाही तसाच बिघडलेला, म्हणजे खोट आमच्याच दारात.

डिस्पर्संट कणाला दोन प्रकारे सांभाळतो. एक तर मध्ये अंगाने उभा राहतो, दुसरं म्हणजे कणावर ऋण भार चढवतो, त्यामुळे कण एकमेकांना ढकलतात. आम्ही वापरतो तो सोडियम लिग्नोसल्फोनेट, लाकडाच्या लगद्यातून कागद बनवताना मिळणारा. याची भिस्त भारावर. आणि भाराचा वैरी म्हणजे क्षार. विशेषतः कॅल्शिअम-मॅग्नेशिअम, कारण त्यांच्यावर दुहेरी धन भार असतो. ते भार झाकतात आणि दोन कणांमध्ये सांधा जोडल्यासारखे बसतात.

पाणी डीएम प्लँटचंच, म्हणजे रेझिनमधून क्षार काढलेलंच होतं. पण प्लँटला पाणी बोअरचं, आणि मार्चनंतर बोअर खाली जातं तसं त्यातला क्षार वाढतो. रेझिन ठरलेल्या तारखेला रिजनरेट करायची आमची पद्धत. हिवाळ्यात ती तारीख पुरायची, उन्हाळ्यात रेझिन त्याआधीच संपलेलं असायचं. कंडक्टिव्हिटी मीटर लावून पाहिला: ५ च्या आत हवं, तिथे १४० मायक्रोसीमेन्स. मीटर दोन वर्षांपासून कपाटात होता, त्याचा सेल गेलेला. आता तो नळावरच बसवलाय आणि ५ च्या वर गेला की टाकी भरायची नाही, एवढा एकच नियम. शिवाय थोडं ईडीटीए शाईत जातं, सुटून आलेला कॅल्शिअम धरून ठेवायला.

क्षार पाण्यातूनच येतो असं नाही. नवशिक्यांची सगळ्यात महाग चूक सांगतो: कापड रंगवायचा तयार डिस्पर्स डाय, पोत्यातली पावडर, स्वस्त पडते म्हणून शाईला वापरणं. त्या पावडरीत शुद्ध डाय बरेचदा निम्म्याच्या आसपास. बाकी डिस्पर्संट, सोडियम सल्फेटसारखं भरणं, धूळ बसवायला तेल. रंगाच्या हौदाला ते चालतं. नोझलला चालत नाही. डाय बनवणाऱ्यांकडून, म्हणजे आपल्याकडे तारापूर-डोंबिवली किंवा पलीकडे वापी-अंकलेश्वर, धुतलेला प्रेस केक (भरणं न घातलेला, दाबून पाणी काढलेला डायचा ओला गोळा) मागा आणि तो पाण्यात ढवळून गाळलेल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी स्वतः मोजा. बिलावर "इंकजेट ग्रेड" लिहिलेलं असणं आणि तसा माल असणं यात अंतर असू शकतं.

दळण्याबद्दल थोडं

कण बारीक तितकी शाई चांगली, हा समज मलाही होता. पहिल्या वर्षी मी मिल सहा तासांऐवजी दहा तास चालवायचो आणि सकाळी पिठासारखी घट्ट झालेली शाई बघून चक्रावायचो. दळताना नवा पृष्ठभाग तयार होतो. कणाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच डायचा पृष्ठभाग दुप्पट, म्हणजे त्याला झाकायला डिस्पर्संटही दुप्पट. तो संपला की नवे उघडे कण एकमेकांना मिठी मारतात आणि दळण उलटं फिरतं. अतिबारीक कण विरघळतातही लवकर, म्हणजे ऑस्टवाल्डला खाऊ. १५० नॅनोमीटरच्या आसपास थांबणं मला मानवतं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सगळे कण जवळपास एका मापाचे असणं; लहान-मोठ्यांची दरी नसली की पोसण्याचा खेळच मंदावतो.

आमचं मिलबेस, म्हणजे मिलमध्ये दळायचं दाट मिश्रण, असं: डाय कोरड्या वजनाने २० टक्के, लिग्नोसल्फोनेट त्याच्या साठ-सत्तर टक्के, थोडं फेसरोधक, बाकी पाणी. मणी ०.३ मिलिमीटरचे झिरकोनियाचे. जॅकेटमधून थंड पाणी, मिलमधलं तापमान ३५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. गरम दळलं की स्फटिकवाढ मिलमध्येच सुरू होते. मग शाईत हे मिलबेस पंचवीस टक्के, ग्लिसरीन पंचवीस, डायएथिलीन ग्लायकॉल पाच, सर्फॅक्टंट, बायोसाइड, पीएच ८ ते ८.५ वर ठेवायला चिमूटभर ट्रायएथेनॉलअमाइन. एप्सन जातीच्या हेडसाठी ३ ते ५ सेंटिपॉइजमध्ये बसते. रिकोहच्या जेन-५ सारख्या हेडना याच्या दुपटीहून जास्त दाटपणा लागतो. तिथे नुसतं ग्लिसरीन वाढवून भागवू नका, कागद वाळत नाही आणि रोलरला डाग लागतात.

ब्लॅकबद्दल विचारतात म्हणून: काळा एक डाय नसतो, दोन-तीन डायचं मिश्रण असतं. ते एकत्र दळू नका. मऊ डाय अतिबारीक होतो आणि कडक तसाच राहतो. वेगवेगळे दळून मग मिसळा.

वास आला तर

बाटली उघडल्यावर कुजका वास, फिल्टरवर बुळबुळीत थर, पीएच एकदम खाली: हे जंतू किंवा बुरशी. लिग्नोसल्फोनेट आणि ग्लिसरीन म्हणजे त्यांना पंगतीचं जेवण. बेंझआयसोथायाझोलिनोन जातीचं बायोसाइड घाला, पण त्याआधी डीएम पाण्याची टाकी आतून हात लावून पाहा. गुळगुळीत लागली तर मूळ तिथेच आहे.

छापणाऱ्यांसाठी

शाई गोदामात ठेवू नका, ऑफिसात ठेवा. जिथे तुम्ही स्वतः दुपारी बसू शकत नाही तिथे ती ठेवू नका, एवढं माप पुरे. उन्हाळ्यात ट्रान्सपोर्टच्या पत्र्याखाली आठवडा काढून आलेला माल असेल तर लगेच टाकीत ओतू नका. बाटली खळखळवण्याऐवजी टेबलावर आडवी लोळवा, तासभर उभी ठेवा, मग भरा. तळाशी गाळ बसला असेल आणि लोळवूनही सुटत नसेल तर ती बाटली परत करा. गाळून वापरायचा मोह टाळा. गाळल्याने मोठे कण जातात, पण त्यांना पोसणारी शाई तशीच राहते, आणि गेलेल्या कणांबरोबर रंगही जातो.

आणि दोन कंपन्यांच्या शाया एका टाकीत मिसळणं. एकाचा डिस्पर्संट लिग्नोसल्फोनेट, दुसऱ्याचा पॉलिमर, तिसऱ्यात ईथर. प्रत्येक शाई आपल्या घरी सुखी असते. मिसळायचंच असेल तर निम्मी-निम्मी काचेच्या बाटलीत मिसळा, रात्रभर ६० अंशांवर ठेवा, सकाळी काचेवर थेंब ओघळवून पाहा. ओघळ गुळगुळीत हवा. वाळूसारखे दाणे दिसले तर मिसळू नका.

तक्रार करताना शाईवाल्याला नुसता नोझल चेकचा फोटो पाठवून उपयोग नाही, त्यात सगळे आजार सारखेच दिसतात. बॅच नंबर, बाटली कधी उघडली, नोझल दिवसाच्या कोणत्या वेळी जातात, थांबवल्यावर परत येतात का, किती रंग जातात, आणि बाटली महिनाभर कुठल्या खोलीत होती हे लिहा. सोबत वापरातल्या टाकीतली ऐंशी-शंभर मिली शाई आणि एक न उघडलेली बाटली द्या. जुना डँपर फेकू नका, पिशवीत बांधून तोही ठेवा. नागपूरचं कोडं त्या डँपरच्या जाळीवरच सुटायला लागलं होतं, आणि आधीच्या दोन वर्षांचे डँपर आम्ही कचऱ्यात टाकले होते.